गाडी का थांबली?

(जे यंत्र कायमचे बंद पडते, त्याचा दोष सापडतो. पण जे यंत्र मध्येच बंद पडते आणि काही वेळाने आपोआप सुरू होते, त्याचा दोष शोधणे कठीण असते. जुन्या पेट्रोल गाडीतील असा एक दोष कसा शोधला गेला, हे लेखकाने या पाठात सांगितले आहे. पाठ वाचताना अंदाज आणि शोध यांतील फरक लक्षात घ्या.)

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली गाडी पाहिली असेल. चालक आत डोकावत असतो. येणारे-जाणारे थांबतात. एक म्हणतो, "पेट्रोलमध्ये कचरा आहे." दुसरा म्हणतो, "बॅटरी गेली." तिसरा म्हणतो, "थोडा वेळ थांबा, आपोआप सुरू होईल." बहुतेक वेळा गाडी थोड्या वेळाने खरोखर सुरू होते. सगळे आनंदाने निघून जातात. पण गाडी का थांबली, हा प्रश्न तसाच राहतो आणि काही दिवसांनी ती पुन्हा थांबते.

अशीच एक गाडी माझ्या मामूंकडे होती. ही गोष्ट २००५ सालची आहे. मी तेव्हा नुकताच दहावीत गेलो होतो. आम्ही मालेगावला राहत होतो. नानींच्या डोळ्यांवर नाशिकला उपचार चालू होते. त्यांना बसचा प्रवास सोसत नसे, म्हणून मामू त्यांना आपल्या जुन्या गाडीतून नेत.

त्या काळी रस्त्यावर जुन्या बांधणीच्या पुष्कळ गाड्या होत्या. मुंबईत कुर्ला येथे तयार होणारी प्रीमियर पद्मिनी आणि बंगालमध्ये तयार होणारी अॅम्बेसेडर या त्यांतील सर्वांच्या ओळखीच्या. पद्मिनी मूळची इटलीच्या फियाट गाडीवरून बनवलेली, म्हणून लोक तिला 'फियाट'च म्हणत. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती अनेक वर्षे धावली. तिथल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. मामूंची गाडीही त्याच पिढीतील होती. तिच्यात संगणक नव्हता. जे काही होते, ते डोळ्यांना दिसत होते आणि हाताला लागत होते. तरीही तिचा दोष सात महिने सापडला नाही.

इंजिनाला काय लागते?

दोष कसा सापडला हे समजण्यासाठी इंजिन कसे चालते हे आधी समजून घेऊ.

पेट्रोल इंजिनाला मुख्यतः तीन गोष्टी लागतात : पेट्रोल, हवा आणि ठिणगी. गाडीच्या टाकीतील पेट्रोल पंप ओढून घेतो आणि कार्ब्युरेटरकडे पाठवतो. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचे बारीक तुषार हवेत मिसळतात. हे मिश्रण सिलिंडरमध्ये जाते. तेथे दट्ट्या म्हणजे पिस्टन ते दाबतो. नेमक्या त्याच वेळी प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते. मिश्रण पेट घेते, दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो आणि चाकांना गती मिळते.

ही ठिणगी कोठून येते? गाडीची बॅटरी फक्त १२ व्होल्टची असते. एवढ्या विजेने प्लगमधील फट ओलांडता येत नाही. त्यासाठी हजारो व्होल्ट लागतात. हे काम 'कॉइल' नावाचा भाग करतो. कॉइलमध्ये तारेची दोन वेटोळी असतात. एक जाड तारेचे व कमी फेऱ्यांचे, तर दुसरे केसासारख्या बारीक तारेचे व हजारो फेऱ्यांचे. पहिल्या वेटोळ्यातील प्रवाह एकाएकी तोडला, की दुसऱ्या वेटोळ्यात फार मोठा विद्युतदाब निर्माण होतो. मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने १८३१ मध्ये शोधलेले हे तत्त्व तुम्ही विज्ञानात शिकता.

प्रवाह तोडण्याचे काम 'पॉइंट' करतात. त्यांच्या जोडीला 'कंडेन्सर' असतो. तो पॉइंट उघडताना प्रवाह झटकन तुटेल अशी काळजी घेतो. तयार झालेली वीज कोणत्या सिलिंडरला द्यायची, हे 'डिस्ट्रिब्युटर' ठरवतो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर मिनिटाला ६००० म्हणजे सेकंदाला १०० ठिणग्या पडाव्या लागतात. ही साखळी कोठेही तुटली, तर इंजिन थांबते.

ओला फडका

मे महिन्यात नाशिकला जाताना गाडी पहिल्यांदा बंद पडली. चांदवडच्या अलीकडे राहुडचा घाट आहे. दुपारची वेळ, कडक ऊन आणि चढ. मागून ट्रक येत होते. वळणाजवळच इंजिन थांबले. मी आणि मामूंनी गाडी ढकलून कशीबशी कडेला घेतली. नानी आत बसून होत्या. त्यांना नीट दिसत नव्हते. पण प्रत्येक ट्रक जवळून गेला, की त्या माझा हात घट्ट धरत.

एका ट्रकचालकाने गाडी थांबवली. तो म्हणाला, "उन्हाने नळीतल्या पेट्रोलची वाफ झाली आहे. पंपावर ओला फडका ठेवा." आम्ही तसे केले. वीस मिनिटांनी गाडी सुरू झाली. आम्ही त्या भल्या माणसाचे आभार मानले.

त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. फार उष्णता झाली, तर पेट्रोलच्या नळीत वाफेचे बुडबुडे होतात. पंप द्रवाऐवजी वाफच ओढू लागतो आणि कार्ब्युरेटरला पेट्रोल मिळत नाही. पंप थंड केला, की वाफेचे पुन्हा पेट्रोल होते. जुन्या गाड्यांत हा दोष खरोखर आढळतो. म्हणून आमच्या गॅरेजच्या उस्तादांनी पेट्रोलची नळी इंजिनापासून दूर बांधली आणि नवा पंप बसवला.

पावसाळ्यात मामूंनी गाडी गावातच चालवली. ती एकदाही थांबली नाही. सर्वांना वाटले, इलाज लागू पडला. पण ऑक्टोबरमध्ये नाशिकला जाताना गाडी त्याच घाटात पुन्हा थांबली. त्या दिवशी डॉक्टरांची वेळ चुकली. नानींना तपासणीसाठी आणखी तीन आठवडे थांबावे लागले. उस्तादांनी कार्ब्युरेटर उघडून साफ केला आणि पेट्रोलची जाळी बदलली. पुन्हा खर्च झाला.

मामू रागावले. "उस्ताद पैसे घेतात आणि काम करत नाहीत," असे ते घरात बोलू लागले. उस्ताद त्यांचे वीस वर्षांचे दोस्त होते. गाडी भंगारात द्यावी, असेही मामूंच्या मनात आले. एका छोट्याशा दोषामुळे गाडी, पैसा आणि दोस्ती तिन्ही जाण्याची वेळ आली होती.

वहीतील नोंदी

उस्तादांनी आम्हांला एक साधा प्रश्न विचारला होता : "घरातून निघाल्यावर गाडी किती वेळाने बंद पडते?" मामू म्हणाले, "तासाभराने." मी म्हणालो, "अर्ध्या तासाने." नानी म्हणाल्या, "घाट लागला की." तिघांची तीन उत्तरे ऐकून उस्ताद हसले. ते मला म्हणाले, "बेटा, तू शाळेत शिकतोस. एक वही कर आणि लिहीत जा."

मी वहीत रकाने आखले : तारीख, रस्ता, हवा, टाकीतील पेट्रोल, किती मिनिटांनी बंद, कशी बंद पडली, किती मिनिटांनी सुरू. गाडी बंद पडली नाही, तरी मी नोंद करत असे. त्यातील काही नोंदी अशा होत्या :

११ नोव्हेंबर. नाशिक रस्ता, चढ. दुपार. टाकी अर्धी. ४४ मिनिटांनी बंद. २० मिनिटांनी सुरू.

२५ नोव्हेंबर. गावात तीन फेऱ्या, प्रत्येक फेरी १५ मिनिटांची. बंद पडली नाही.

९ डिसेंबर. धुळे रस्ता, लळिंगच्या अलीकडे, सपाट. सकाळ, थंडी. टाकी भरलेली. ४७ मिनिटांनी बंद. १८ मिनिटांनी सुरू.

मी वही उस्तादांना दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली. मग ते शांतपणे म्हणाले, "उन्हाचा दोष नाही. घाटाचाही नाही."

कसे ते पाहा. डिसेंबरच्या थंड सकाळी, सपाट रस्त्यावर गाडी थांबली होती. म्हणजे ऊन आणि चढ ही कारणे टिकत नव्हती. घाटातच गाडी का थांबत असे? कारण आमच्या घरापासून घाटापर्यंत पोहोचायला तेवढाच वेळ लागत असे! टाकी अर्धी असो वा भरलेली, फरक पडत नव्हता. गावातल्या छोट्या फेऱ्यांत गाडी कधीच थांबली नव्हती. सर्व नोंदींत एकच गोष्ट सारखी होती : इंजिन सलग पाऊण तास चालले पाहिजे.

आणखी एक गोष्ट मी 'कशी बंद पडली' या रकान्यात लिहिली होती : "एकदम. दिवा विझावा तशी." पेट्रोल कमी पडू लागले, तर गाडी सहसा आधी धक्के खाते, ओढ कमी होते आणि मग थांबते. वीज तुटली, तर इंजिन बहुधा एकदम बंद होते. त्यामुळे उस्तादांचा संशय आता ठिणगीकडे वळला.

मग ओल्या फडक्याने गाडी सुरू कशी झाली? खरे तर फडक्याने काहीच झाले नव्हते. पाणी आणणे, फडका भिजवणे, वाट पाहणे यांत वीस मिनिटे जात. तेवढ्या वेळात गरम झालेला दुसराच कोणता तरी भाग आपोआप थंड होत असे. इलाजानंतर आराम पडला, म्हणून तो इलाजामुळेच पडला, असे नेहमी नसते.

दोष हजर असताना

पुढच्या शुक्रवारी गॅरेज बंद होते. उस्ताद स्वतः आमच्याबरोबर धुळ्याच्या रस्त्याने निघाले. ते म्हणाले, "चोर पळून गेल्यावर घर तपासून काय उपयोग? गाडी गॅरेजमध्ये येते, तेव्हा ती ठीक असते. मला ती बंद असतानाच तपासली पाहिजे."

पंचेचाळिसाव्या मिनिटाला गाडी थांबली. त्या दिवशी गाडी बंद पडली म्हणून आम्ही पहिल्यांदाच खूश झालो!

उस्तादांनी घाई न करता एकेक गोष्ट पाहिली.

पहिली गोष्ट, टाकीचे झाकण. झाकणाचे बारीक छिद्र बुजले, तर टाकीत हवा जात नाही आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. अशा वेळी झाकण उघडताच 'फुस्स' असा आवाज होतो. तसा आवाज आला नाही.

दुसरी गोष्ट, पेट्रोल. इंजिन बंद ठेवून त्यांनी कार्ब्युरेटरच्या तोंडात पाहिले आणि वेग वाढवण्याची दांडी हलवली. आत पेट्रोलची बारीक धार उडाली. म्हणजे पेट्रोल पोहोचत होते.

तिसरी गोष्ट, ठिणगी. कार्ब्युरेटर नीट झाकून त्यांनी कॉइलमधून निघणाऱ्या जाड तारेला एक जादा प्लग जोडला. तो रबरी मुठीच्या पकडीने इंजिनाच्या लोखंडाला टेकवून धरला. मामूंनी सेल्फ मारला. ठिणगी पडली नाही. तार थेट कॉइलची होती, त्यामुळे डिस्ट्रिब्युटरचे झाकण आणि प्लगच्या तारा यांच्यावरचा संशय दूर झाला.

चौथी गोष्ट, कॉइलला वीज मिळते का? उस्तादांनी छोटा दिवा लावून पाहिला. दिवा लागला. कॉइलच्या दुसऱ्या टोकाशी तोच दिवा सेल्फ मारताना उघडझाप करत होता. म्हणजे चावी, तारा, पॉइंट आणि कॉइलचे जाड वेटोळे काम करत होते.

आता दोनच संशयित उरले : कंडेन्सर आणि कॉइलचे बारीक वेटोळे. मामू म्हणाले, "दोन्ही बदलून टाका." उस्ताद म्हणाले, "भाई, दोन्ही एकदम बदलले, तर दोष कोणाचा होता ते कधीच कळणार नाही. एका वेळी एकच." गाडी थंड झाल्यावर कंडेन्सर स्वस्त म्हणून आधी तो बदलला. गाडी पुढे निघाली आणि पुन्हा ४६ मिनिटांनी थांबली.

या वेळी उस्तादांनी चावी बंद करून ओला फडका घट्ट पिळला आणि पंपावर न ठेवता कॉइलभोवती गुंडाळला. पाणी तारांच्या टोकांना लागणार नाही, याची काळजी घेतली. पाच मिनिटांत गाडी सुरू झाली. एरवी अठरा-वीस मिनिटे लागत. फडका तोच होता, फक्त जागा बदलली होती.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका गाडीची चांगली कॉइल आणून बसवली. धुळ्यापर्यंत जाऊन परत आलो. सुमारे १०० किलोमीटर गाडी कोठेही थांबली नाही. मामूंना वाटले, काम झाले. पण उस्तादांनी जुनी कॉइल परत बसवली! मामू चकित झाले. उस्ताद म्हणाले, "दोष गेला म्हणजे दोष सापडला, असे नाही. जुनी कॉइल लावल्यावर तो परत आला, तरच खात्री." ४४ मिनिटांनी गाडी थांबली. आता कोणालाही शंका राहिली नाही.

कॉइल जुनी झाली होती. तिच्यातील बारीक तार कोठे तरी तुटण्याच्या बेतात असावी किंवा तारेवरचे वेष्टण खराब झाले असावे. अशी कॉइल थंड असताना काम करते. गरम झाली, की तुटलेली टोके दूर जातात किंवा वीज वेष्टणातून गळते. थंड होताच ती पुन्हा कामाला लागते. म्हणूनच गॅरेजमध्ये पोहोचलेली गाडी नेहमी निर्दोष दिसत होती.

नवी कॉइल बसली. मामूंनी उस्तादांची माफी मागितली. उस्ताद म्हणाले, "चूक माझीही होती. मी दोष शोधला नव्हता, अंदाज केला होता." जानेवारीत आम्ही नानींना घेऊन नाशिकला गेलो. घाट आला, तेव्हा नानींनी माझा हात धरला. घाट संपला, तेव्हा तो सोडला.

वेळ आणि खूण

प्रत्येक दोषाची आपली वेळ असते आणि आपली खूण असते. पाऊण तासाने थांबणारी प्रत्येक जुनी गाडी कॉइलमुळेच थांबते, असे नाही. फक्त पावसात गाडी अडखळत असेल, तर डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात किंवा तारांवर ओल असू शकते. खड्ड्यात आदळल्यावर बंद पडत असेल, तर बॅटरीचे टोक किंवा एखादी तार सैल असू शकते. वेगात चालताना धक्के खाऊन थांबत असेल, तर टाकीतील गंजाचे कण पेट्रोलच्या नळीच्या तोंडाशी येत असतील. गाडी थांबली, की ते खाली बसतात. म्हणून भाग बदलण्याआधी विचारावे : केव्हा? कोठे? कशी? किती वेळाने?

आजच्या पेट्रोल गाड्यांत कार्ब्युरेटर आणि पॉइंट नसतात. संगणक इंजिनावर लक्ष ठेवतो आणि काही बिघडले, तर त्याचा क्रमांक जपून ठेवतो. पण क्रमांक केवळ दिशा दाखवतो. नेमका दोष माणसालाच शोधावा लागतो.

आणि एक सूचना. गाडीतील पेट्रोल पेट घेते आणि ठिणगीची वीज जोराचा झटका देते. उस्तादांनी केलेल्या तपासण्या तुम्ही स्वतः करू नका. पण वही मात्र प्रत्येकाला करता येईल. घरातला पंखा मध्येच थांबतो, नळाला मध्येच पाणी येत नाही, धाकट्या भावाला मधूनमधून ताप येतो. अशा वेळी नीट लिहिलेली नोंद मिस्त्रीला आणि डॉक्टरला फार उपयोगी पडते. माझी ती वही अजून माझ्याजवळ आहे.

शब्दार्थ

तुषार – बारीक थेंब
दट्ट्या – सिलिंडरमध्ये पुढे-मागे सरकणारा भाग, पिस्टन
वेटोळे – तारेचे गोल गुंडाळे
विद्युतदाब – विजेचा जोर
रकाना – कागदावर आखलेला उभा भाग
वेष्टण – वरचे आवरण
ओल – दमटपणा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पेट्रोल इंजिनाला कोणत्या तीन गोष्टी लागतात?
(आ) गाडी गावात का थांबत नसे?
(इ) उस्तादांनी कंडेन्सर आधी का बदलला?

२. कारणे लिहा.
(अ) ऊन आणि घाट ही कारणे टिकली नाहीत.
(आ) उस्तादांनी जुनी कॉइल परत बसवली.

३. पाच-सहा वाक्यांत लिहा.
"इलाजानंतर आराम पडला, म्हणून तो इलाजामुळेच पडला, असे नेहमी नसते." हे विधान पाठाच्या आधारे आणि तुमच्या अनुभवातील एका उदाहरणाने स्पष्ट करा.

४. अंदाज, इलाज, खर्च, हवा, उस्ताद, माफी हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी चार शब्द शोधा आणि त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.

५. उपक्रम : घरातील किंवा शाळेतील मध्येच बंद पडणाऱ्या एखाद्या वस्तूची आठ दिवस नोंद ठेवा. वस्तूला हात न लावता तारीख, वेळ आणि परिस्थिती लिहा. तुम्हांला काय आढळले, ते वर्गात मराठीतून सांगा.